विषारी रसायने आणि कर्करोग : शिरपूरच्या श्रोत्याच्या पत्राला उत्तर



मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैन येथून एका श्रोत्याचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे, पण त्यातला सवाल थोडक्यात असा : वडिलांच्या मानेत गाठ आली. दुखत नव्हती म्हणून तीन महिने कोणी लक्ष दिलं नाही. पुढे अकोल्याला तपासणी झाली आणि डॉक्टरांनी लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग, असं निदान सांगितलं. वडिलांनी उभा जन्म वावरात फवारे मारले, ज्वारीच्या कोठीत पावडर टाकली, बैलांच्या अंगावरच्या गोचिडांना तीच पावडर चोळली. "त्यानंच झालं का? आणि आता माझा मुलगा पंप पाठीवर घ्यायचं म्हणतो, त्याला देऊ का नको? माळ्यावर जुन्या पावडरीचं अर्धं पोतं अजून पडलं आहे, त्याचं काय करू?"

तीन सवाल आहेत. रेडिओवरच्या दहा मिनिटांत त्यांची उत्तरं नीट देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट बोलून घेऊ. आपण या वस्तूला 'औषध' म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषधाचा डबा. दुकानदारही तेच म्हणतो. अळीला मारणारी वस्तू ही औषध नव्हे, ते विष आहे. पिकाच्या गरजेसाठी आपण ते वापरतो, नाइलाजानं वापरतो, हे खरं. पण नाव औषध पडलं की हात सैल पडतो. निदान या पत्रकात तरी आपण त्याला विषच म्हणू.

विष दोन तऱ्हेनं मारतं. एक तऱ्हा आपल्या विदर्भानं डोळ्यांनी पाहिली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळी आणि रसशोषक किडी उसळल्या होत्या आणि माणसं त्या उंच पऱ्हाटीत शिरून फवारत होती. फवारा तोंडावर, डोळ्यांत, छातीवर येत होता. काही आठवड्यांत शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास कोंडणं, सारं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. कारण आणि परिणाम एकमेकांना लागून उभे होते, म्हणून साऱ्या राज्याला ते दिसलं.

दुसरी तऱ्हा अशी दिसत नाही. आज अंगावर पडलं, आज काहीच झालं नाही. उद्या नाही, परवा नाही. दहा, वीस, कधी तीस वर्षांनी गाठ उठते. तोवर माणूस कोणतं विष वापरलं त्याचं नावही विसरलेला असतो, डबा भंगारात गेलेला असतो, कधी कधी ते विष बनवणारा कारखानाही बंद पडलेला असतो. मग लोक म्हणतात, नशीब. ही जी मधली वीस वर्षं आहेत, त्यांत शरीराच्या आत काय चालतं ते समजलं तर बाकीचं सारं समजतं.

आपलं शरीर म्हणजे अगणित पेशींची वस्ती. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्या आतला एक लांबलचक दस्तऐवज जसाच्या तसा उतरवून घ्यावा लागतो. शास्त्रज्ञ त्याला डी.एन.ए. म्हणतात. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, हे सारे हुकूम त्यात लिहिलेले असतात. आता जुन्या काळातला हातानं लिहिलेला सात-बारा आठवा. नक्कल करताना एका आकड्यात चूक झाली, दोन एकराचे वीस एकर झाले, तर पुढची प्रत्येक नक्कल त्या चुकीवरूनच उतरणार. चूक आपोआप दुरुस्त होत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. पेशीचंही तसंच आहे.

काही रसायनं या दस्तऐवजाला जाऊन चिकटतात किंवा त्याची ओळ तोडतात. गंमत अशी की पुष्कळदा मूळ रसायन तेवढं चिकट नसतं. ते अंगात शिरलं की यकृत त्याला पाण्यात विरघळेल अशा रूपात बदलून लघवीवाटे बाहेर काढू पाहतं. हे यकृताचं रोजचं, चांगलं काम. पण त्या बदलाच्या वाटेवर एखादं मधलं रूप असं तयार होतं की ते मूळ रसायनापेक्षा जहाल असतं, आणि तेच डी.एन.ए.ला डसतं. घर झाडायला घेतलं आणि झाडताना उडालेली धूळच नाकात गेली, तशातला प्रकार.

आता कोणी म्हणेल, एवढ्यानं कर्करोग होत असेल तर कोणीच वाचणार नाही. बरोबर आहे. पेशीत दुरुस्ती करणारी यंत्रणा असते, ती बहुतेक चुका खोडून काढते. ज्या पेशी फार बिघडल्या त्या स्वतःच मरतात किंवा शरीराच्या रक्षक पेशी त्यांना खातात. कर्करोग व्हायला एकाच पेशीत एकापाठोपाठ अनेक ठिकाणी बिघाड व्हावा लागतो. बैलगाडीचं उदाहरण घ्या. बैल उधळला तरी हातात कासरा असेल तर गाडी थांबते. कासरा तुटला पण बैल शांत असेल तरी गाडी पालथी होत नाही. बैल उधळला, कासरा तुटला, आणि वाटही उताराची लागली, म्हणजे मग गाडी कोणाच्या बापाला आवरत नाही. या एकेक गोष्टीला वर्षं लागतात. म्हणून वीस वर्षं. आणि म्हणूनच एकदा हातावर थेंब पडला म्हणून घाबरण्याचं कारण नसतं. रोजचं, हंगामामागून हंगाम चालणारं पडणं हेच खरं धोक्याचं असतं.

सगळीच रसायनं असा थेट ओरखडा काढतात असंही नाही. काही रसायनं रक्षक पेशींनाच दुबळं करतात, म्हणजे राखणदारालाच झोप लावतात. काही सतत आग-आग करून, सूज आणून पेशींना घाईघाईनं वाढायला लावतात, आणि घाईत नक्कल करणारा चुका जास्त करतो.

हे ज्ञान प्रयोगशाळेत आधी झालं नाही, ते कष्टकरी माणसाच्या अंगावर झालं. १७७५ साली लंडनमधल्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्याच्या ध्यानात आलं की धुराड्यात उतरून काजळी काढणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो. काजळी अंगावर बसे, घामाबरोबर ओघळून जांघेत साचे आणि वर्षानुवर्षं तिथेच राही. यातला आपल्या उपयोगाचा भाग पुढचा आहे. डेन्मार्कमधल्या धुराडेवाल्यांच्या पंचायतीनं १७७८ मध्ये आपल्या लोकांना रोज आंघोळ करायचा नियम घालून दिला. पुढे शंभरेक वर्षांनी पाहणी झाली तेव्हा इंग्लंडच्या धुराडेवाल्यांत हा रोग होता, आणि अंग धुणाऱ्या, अंगभर कपडा घालणाऱ्या युरोपातल्या इतर देशांच्या धुराडेवाल्यांत तो फारच विरळ होता. काम तेच, काजळी तीच. फरक पाण्याचा आणि कपड्याचा.

तुमचा पाठीवरचा पंप गळतो तेव्हा ते पाणी कुठे जातं, आठवून पाहा. पाठीवरून कमरेत, कमरेतून जांघेत. माणसाच्या हाताच्या कातडीतून एखादं विष जेवढं आत जातं, त्याच्या दहापटीहून जास्त वृषणाच्या कातडीतून जातं, असं परदेशात माणसांवर मोजून पाहिलेलं आहे. कपाळ आणि काख यांतूनही हातापेक्षा पुष्कळ अधिक जातं. आणि ओलं झालेलं धोतर किंवा पँट संध्याकाळपर्यंत तशीच अंगावर असते. पंपाच्या झाकणाची चकती आणि पट्ट्याजवळचा नळीचा सांधा एवढ्या दोन जागा हंगामाआधी बदलल्या तरी निम्मं काम होतं. खर्च फार नाही. पण पंप गळेपर्यंत कोणी बदलत नाही, आणि गळाल्यावरही कापडाची चिंधी बांधून चालवतो.

पॉटनंतर एकशेवीस वर्षांनी, १८९५ मध्ये, जर्मनीत फ्रँकफर्ट इथे लुडविग रेन या डॉक्टरला कापडाचा रंग बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार मूत्राशयाचा कर्करोग घेऊन आलेले दिसले. श्वासातून आणि कातडीतून आत गेलेलं रसायन मूत्राशयातच का उतरलं? कारण यकृतानं बाहेर काढलेला माल लघवीत जमा होतो आणि लघवी तासन्‌तास मूत्राशयात थांबून राहते. विष जिथून शिरतं तिथेच रोग होतो असं नाही, हे तेव्हापासून कळलं. १९१५ मध्ये जपानमधल्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखवला, आणि मग शंका घ्यायला जागा उरली नाही.

१९७४ सालची अमेरिकेतली गोष्ट तर थेट आपल्या वावरापर्यंत येते. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल इथे पी.व्ही.सी. बनवण्याचा कारखाना होता. पी.व्ही.सी. ज्यापासून बनतं तो विनाइल क्लोराइड नावाचा वायू. तिथल्या डॉक्टरच्या ध्यानात आलं की कामगारांना यकृताचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग होतो आहे. रोग इतका विरळ की एकाच कारखान्यात तीन रोगी हीच मोठी साक्ष ठरली. पुढे अनेक देशांत कारखान्यांतल्या हवेत हा वायू किती असावा यावर कडक मर्यादा आल्या. मग आपल्या विहिरीवरच्या पी.व्ही.सी. पाइपाचं काय? पाइप झाल्यावर तो वायू साखळीत बांधला गेलेला असतो, त्यामुळे पाइपला हात लावून किंवा त्यातलं पाणी शेताला देऊन भिण्याचं कारण नाही. मात्र फुटके पाइप, वायरींची आवरणं, जुन्या ताडपत्र्या धुऱ्यावर पेटवून देतात, ते चुकीचं आहे. पी.व्ही.सी. जळताना डोळे-घसा जाळणारा आम्लाचा धूर तर निघतोच, शिवाय डायॉक्सिन जातीची विषं तयार होतात, आणि त्यांतलं सर्वांत जहाल विष माणसाला कर्करोग करणारं म्हणून १९९७ पासून पहिल्या वर्गात आहे. भंगारवाला घेतो, त्याला द्या.

आता पत्रातल्या पावडरीकडे येऊ.

जुनी माणसं तिला गॅमेक्झिन म्हणतात, कोणी बी.एच.सी. म्हणतात. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधी आपला भाग अकोला जिल्ह्यातच होता, त्या काळात ही पावडर घरोघरी होती. ढेकणाला तीच, वाळवीला तीच, कपाशीवर धुरळायला तीच, बैलाच्या गोचिडांना तीच. बायका पोरींच्या डोक्यातल्या उवांनाही लावत. स्वस्त, आणि लगेच माणूस मरत नाही, म्हणून भरवशाची. हिच्यातला कीड मारणारा मुख्य अंश म्हणजे लिंडेन. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिआँ इथे आहे. तिथल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासून लिंडेनला पहिल्या वर्गात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असं ठरवलं. आणि कोणता कर्करोग? रसग्रंथींचा, लिम्फोमाच. मघाशी राखणदाराला झोप लागण्याची गोष्ट सांगितली ती इथे लागू पडते. लिंडेन शरीराची रोगप्रतिकारशक्ती दडपतं.

आपल्या देशात बी.एच.सी.वर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे. लिंडेनचा वापर २०१३ मध्ये संपूर्ण बंद झाला. डी.डी.टी. शेतीसाठी १९८९ मध्येच बंद झालं. धान्य साठवताना ई.डी.बी. नावाच्या काचेच्या लहान नळ्या फोडून कोठीत ठेवत, हे साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. जनावरांवरच्या प्रयोगांत कर्करोग दिसल्यावर अमेरिकेनं १९८४ मध्ये धान्यासाठी तिचा वापर थांबवला, आपल्याकडे २००१ मध्ये बंदी आली. सतरा वर्षांचं हे अंतर बोलकं आहे. पुरावा आधी येतो, बंदी मागून येते, आणि मधल्या काळात शेतकऱ्याच्या अंगावरचा कपडा हाच त्याचा कायदा असतो.

तर मग त्या श्रोत्याच्या वडिलांना या पावडरीनंच रोग झाला का? एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. गाठीवर विषाचं नाव लिहिलेलं नसतं. ज्यांनी कधी पावडर पाहिली नाही त्यांनाही लिम्फोमा होतो, आणि ज्यांनी जन्मभर हाताळली त्यांतल्या बहुतेकांना होत नाही. शास्त्र सांगतं ते हजारो माणसांचा हिशेब मांडून. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांत १९९३ पासून सुमारे ८९ हजार माणसांची, म्हणजे फवारणी करणारे आणि त्यांच्या घरची माणसं यांची, अशी वर्षानुवर्षं नोंद ठेवली आहे. तिथे दिसलं असं की शेतकऱ्यांत एकंदर कर्करोग इतर लोकांपेक्षा कमीच, कारण ते विडी-सिगारेट कमी ओढतात आणि अंगमेहनत करतात. पण काही ठराविक कर्करोग, त्यांत लिम्फोमाचे काही प्रकार आणि पुरुषांमधला प्रोस्टेट ग्रंथीचा, हे मात्र जास्त. म्हणजे विषानं धोका वाढतो हे खरं, आणि प्रत्येकाला होतोच हे खोटं. मुलानं वडिलांजवळ बसून "तुम्ही पावडर टाकली म्हणून झालं" असं म्हणू नये. त्या काळी सरकारी माणूसच ती पावडर वाटत होता.

इथे थोडं विषयांतर करतो. खर्रा, गुटखा, तंबाखू आणि विडी यांनी आपल्या भागात जेवढे तोंडाचे-घशाचे कर्करोग होतात, त्याच्या जवळपासही कोणतं कीटकनाशक येत नाही. पंप खाली ठेवून, हात न धुता, खर्रा चोळणारी माणसं आपण सारे पाहतो. दोन्ही विषं एकाच चिमटीत.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल मोठा गैरसमज आहे, तो आज दूर करू. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लोक समजतात हिरवा म्हणजे निर्धोक. हा रंग ठरतो कशावर? उंदरांना विष दिल्यावर किती मात्रेत त्यांतले निम्मे मरतात, यावर. किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याहून जास्त लागलं तर हिरवा. म्हणजे रंग सांगतो ते आजच्या मरणाचं. वीस वर्षांनंतरचं त्यात काहीच नाही. ॲस्बेस्टॉसची भुकटी उंदराला चारली तर तो त्या दिवशी मरणार नाही, त्रिकोण हिरवाच मिळेल. पण तीच भुकटी श्वासात गेली तर फुप्फुसाचा कर्करोग करते, हे जगजाहीर आहे. तेव्हा लाल त्रिकोणाला भ्या, पण हिरव्याला अंग उघडं टाकू नका.

त्याच लिआँच्या संस्थेनं २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट या तिघांना 'बहुधा कर्करोग करणारी' अशा दुसऱ्या वर्गात घातलं, आणि २,४-डी ला 'कदाचित' अशा त्याखालच्या वर्गात. ग्लायफोसेटवरून वाद आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत वेगळं आहे, नीट वापरलं तर कर्करोगाचा धोका नाही असं ते म्हणतं. हेही समजून घ्या की हे वर्ग पुराव्याचं वजन सांगतात, विषाचा जोर नव्हे. आपल्यापुरतं पाहायचं तर ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच लिहिलेलं होतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकामार्फतच वापरावं असं जाहीर केलं. तरी धुऱ्यावर, कपाशीच्या ओळीत, चप्पल घालून फवारणारे लोक आहेतच. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे कारण खोटं नाही. पण निदान पायांत गमबूट आणि वारा पाठीमागून, एवढं तरी पाळावं.

मुलाला पंप द्यावा का? अठराच्या आत असेल तर देऊ नये, साफ सांगतो. वाढत्या वयात पेशींची नक्कल जोरात चालू असते. वय झालं असेल तर द्या, पण पद्धत घालून द्या.

सर्वांत जास्त धोका फवारताना नसतो, तो मिसळताना असतो. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली विष, म्हणजे लिटरला दोन मिली, असं धरलं तर मूळ विषाचा एक मिली म्हणजे अर्ध्या लिटर फवाऱ्यातलं विष. झाकणानं मोजताना जो एक ओघळ बोटांवरून मनगटात जातो तो तेवढा असतो. म्हणून रबरी हातमोजे असायलाच हवेत ते या वेळी. पाच मिनिटांचं काम आहे. ढवळायला काठी घ्या, हात नको. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळताना, हळदीचं बेणं द्रावणात बुडवून काढताना सुद्धा हेच. आपल्या भागात ही कामं बहुतेक बायका उघड्या हातांनी करतात आणि त्यांना कोणी हातमोजे आणून देत नाही.

तोंडाला दुपट्टा बांधतात. कोरडा आहे तोवर ठीक. ओला झाला की तोच विषाचा बोळा होऊन नाकातोंडाशी बसतो. दुसरा जवळ ठेवा, ओला झाला की बदला. नोझल अडकलं तर तोंडानं फुंकू नका. हेही सांगावं लागतं.

आणि पेट्रोल. पॉवर पंपात भरताना नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय पुष्कळांना आहे, ग्रीस लागलेले हात पेट्रोलनं धुवायचीही. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, आपल्याकडच्या नियमाप्रमाणे शंभरात एक भागापर्यंत. बेन्झीन हाडांच्या मगजात जिथे रक्त तयार होतं तिथे जाऊन बसतं आणि रक्ताचा कर्करोग करतं. चपला-बूट चिकटवणाऱ्या कारागिरांत, बेन्झीन असलेल्या गोंदामुळे, हा रोग तुर्कस्तानात १९७० च्या दशकात उघड झाला. प्लास्टिकचं नरसाळं आणा, हात साबणानं धुवा.

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. परदेशात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या बायकांना छातीच्या अस्तराचा कर्करोग झाला, तो केवळ नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुतल्यामुळे. फवारणारा एकच असतो, पण त्याचा सदरा धुणारी घरची बाई, त्याच्या मांडीवर चढणारं लेकरू, असे सारेच त्या विषाच्या वाटेत येतात. ज्यानं फवारलं त्यानंच वेगळ्या बादलीत कपडे भिजवावेत, आणि घरात शिरण्याआधी साबणानं अंग धुवावं. डेन्मार्कच्या धुराडेवाल्यांचा अडीचशे वर्षांपूर्वीचा नियम तोच आहे.

रिकाम्या डब्यात तेल, डाळ, बियाणं ठेवू नका. विषाचा डबा कितीही धुतला तरी प्लास्टिकनं आत शोषलेलं निघत नाही. विष संपलं की डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोकं पाडा आणि वस्तीपासून, विहिरीपासून दूर पुरा. बाजारात कारखान्यांतून आलेले दोनशे लिटरचे निळे ड्रम स्वस्तात मिळतात. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, म्हणून घेतले जातात. आत आधी काय होतं ते विकणाराही सांगू शकत नाही. पिण्याच्या आणि गुरांच्या पाण्याला ते घेऊ नका. वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही.

माळ्यावरच्या पोत्याचं असं करा. हातमोजे घालून, तोंड बांधून, न झटकता ते आहे तसं जाड प्लास्टिकच्या दोन थैल्यांत एकात एक घालून तोंड घट्ट बांधा. वर मोठ्या अक्षरांत 'विष' असं लिहा. घर, गोठा आणि धान्य यांपासून दूर, कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही असं कुलपात ठेवा आणि मालेगावच्या तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा, पोच घ्या. जाळू नका, नाल्यात टाकू नका, वावरात पुरू नका; हे विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आणि शेजाऱ्यानं उवांसाठी चिमूटभर मागितली तरी देऊ नका.

ज्यांनी दहा-वीस वर्षं फवारलं आहे त्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांहून जास्त राहिली. लघवीतून रक्त गेलं, मग ते एकदाच जाऊन थांबलं तरीही. कारण नसताना ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि वजन घटणं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग आणि चालताना धाप. तोंडात न भरणारी जखम. यांतलं काहीही असलं तर थेट जिल्हा रुग्णालयात जा. डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण होऊन सांगा : कोणतं विष, किती वर्षं, कसं वापरलं. जुन्या पावत्या असतील तर बरोबर न्या. उपचार अकोल्याला, नागपूरला मिळतात. लिम्फोमाचे पुष्कळ प्रकार आज औषधांना चांगले मानतात, आणि इथे मात्र औषध हा शब्द खरा आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, आणि ते भरती होण्याआधी.